खिळ्यावरचा कप

समतेच्या लढ्याच्या संग्रहालयात काचेमागे टवका उडालेला एक कप ठेवला होता. कौसाबाईंची नात विशाखाने मोठ्यानं पाटी वाचली, "पूर्वी गावच्या हॉटेलाबाहेर दलितांसाठी असा वेगळा कप टांगलेला असे."

"पूर्वी?" कौसाबाई तिथंच थांबल्या. गावात परवाच त्यांनी तसल्याच कपातून चहा घेतला होता, विसळून परत खिळ्याला अडकवला होता. चाळीस वर्षांत तोंडातून ब्र काढला नव्हता.

त्यांनी तिथल्या बाईंना हाक मारली. "पाटी चुकलीय तुमची. ह्याच्याशेजारी जागा ठेवा. सोमवारी भरबाजारात आमचा कप खिळ्यावरून काढून आणते."

"आई, गावात राहायचंय आपल्याला," मुलगा दबक्या आवाजात म्हणाला.

"राहायचंय म्हणूनच."

विशाखाने पदर ओढला. "मग तू चहा कशात पिणार, आजी?"

"सगळे पितात त्यात."