गॅरेजमधली गिऱ्हाइकं

"तेरा तारीख चुकीची कशी असेल?" ईश्वर कॉम्प्युटरलाच विचारत होता. गिऱ्हाइकांच्या निम्म्याहून जास्त ओळी सॉफ्टवेअरने नाकारल्या होत्या. प्रत्येक ओळीपुढे लाल अक्षरांत एकच तक्रार होती: तारीख चुकीची.

व्हिडिओ कॉलवर अल्फारेटाहून धम्मदीप हसायला लागला. "बाबा, तुम्ही आपल्याकडच्यासारखा आधी दिवस लिहिलाय. हे अमेरिकन सॉफ्टवेअर आधी महिना वाचतं. तेरावा महिना कुठून आणणार ते?"

"आणि बारापर्यंतच्या तारखा?"

"त्या गपचूप उलट्या घेतल्या असतील. पाच मार्चला तुम्ही काम केलं, तर ते म्हणणार तीन मे. सगळं डिलीट करा, तारखांचा कॉलम नीट करा आणि परत इम्पोर्ट करा."

"तिथे एक चौकोन होता, गिऱ्हाइकांना आठवण पाठवा म्हणून. त्यावर मी टिक केली."

"अरे यार, बाबा! आता काढा ती."

ईश्वरने टिक काढली आणि कामाला लागला. आजचा दिवस त्याच्यासाठी परीक्षेचाच होता. बायको रत्ना गेल्यावर मुलाने एकच धोशा लावला होता, प्लेनोचं घर विका आणि माझ्याकडे या. ईश्वरला इथून हलायचं नव्हतं. या घरात रत्ना वावरली होती. भिंतीवर हळदीचे डाग पडले होते, तेही त्याने पुसले नव्हते. मग बापलेकांत ठरलं. गॅरेजमधला दुरुस्तीचा उद्योग खरा आहे, का नुसता टाइमपास, ते सॉफ्टवेअर सांगेल. गिऱ्हाइकं टिकणारी निघाली तर घर राहील.

उद्योग मिक्सर-कुकरचा. भारतातून आणलेला मिक्सर इथल्या विजेवर चालत नाही, आणि चालवला तर रडतो. कुकरच्या शिट्ट्या आणि रिंगा इथे कुणाला माहीत नसतात. रत्नाचं पुण्यानुमोदन झालं आणि लगेच विहारातली एक बाई मिक्सर घेऊन आली. मग दुसरी आली. कुणी पुण्याची, कुणी नागपूरची, कुणी मुंबईची. कामाचा बोलबाला झाला, असं ईश्वरला वाटलं. आयुष्यभर त्याने विजेच्या मोटरींच्या तारा गुंडाळल्या होत्या. हाताला काम मिळालं आणि दिवस पुढे सरकू लागले.

बायका मात्र वस्तूंचे हाल करायच्या. मिक्सरचा स्क्रू गायब, कुकरचं हँडल तुटलेलं, वायर अशी तुटलेली की जणू कात्रीने कापलीय. "तुम्ही स्वयंपाक करता का कुस्ती खेळता?" तो विचारायचा. त्या हसायच्या, आणलेला डबा ओट्यावर ठेवायच्या, चहा करून त्यालाही द्यायच्या, आणि काम होईपर्यंत तिथेच खुर्ची ओढून बसायच्या.

कॉलम नीट झाला. नावंही नीट करावी लागली, कारण त्याने लिहिताना एकाच बाईला कधी 'नीलची आई' केलं होतं, तर कधी 'कोपऱ्यावरची'. त्याने पुन्हा बटण दाबलं. या वेळी एकही ओळ लाल झाली नाही.

"आता कॅलेंडर उघडा," धम्मदीप म्हणाला. "स्क्रीन शेअर करा, मलाही बघू द्या."

ईश्वरने उघडलं आणि चष्मा काढून पुसला.

त्याने कामं जशी आली तशी एकाखाली एक लिहिली होती. सॉफ्टवेअरने ती माणसाप्रमाणे लावून दाखवली. नैना जूनच्या पाच तारखेला आलेली, जुलैच्या पाचला, ऑगस्टच्या पाचला. पुढे दर महिन्याला पाचच. उपासना तीनला. वीरची आई अकराला. एका दिवशी दोघी कधी आल्या नव्हत्या, आणि एकही दिवस रिकामा गेला नव्हता. दिवाळीत नाही, नाताळात नाही, रस्त्यावर बर्फ गोठला होता तेव्हाही नाही.

आकाशातले ग्रह ठरल्या वेळी उगवतात, तशा या बायका उगवत होत्या, आणि ते त्याच्या गॅरेजमध्ये.

धम्मदीपने यादी वरपासून खालपर्यंत वाचली. मग म्हणाला, "बाबा, माझ्या कंपनीकडेसुद्धा अशी गिऱ्हाइकं नाहीत. एकही सोडून गेलेलं नाही."

"मग घर?"

"राहू द्या. तुमचा धंदा माझ्यापेक्षा बरा चाललाय. जय भीम."

"जय भीम," ईश्वर म्हणाला.

कॉल संपतो न संपतो तोच दाराची घंटी वाजली. बाहेर नैना उभी होती. ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात, धापा टाकत, हातात मिक्सरचं भांडं. भांड्याचा दांडा आत्ताच मोडल्यासारखा दिसत होता. कडा अजून पांढऱ्या होत्या.

"काका, सॉरी, उशीर झाला. तुमचा मेसेज आला ना, आज अपॉइंटमेंट आहे म्हणून. मी मीटिंग कॅन्सल करून ड्राइव्ह करत आले. बदललं का काही?"

"अगं, ती माझी चूक. तारखा उलट्या झाल्या होत्या. तू घरी जा, काही घाई नव्हती."

"हुश्श! मला वाटलं, माझंच चुकलं. आज तीन, म्हणजे उपासनाची. माझी तर पाच."

"तुझी पाच? कुणी ठरवलं?"

नैनाने जीभ चावली. तिने भांड्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि तिचे डोळे भरून आले.

"रत्नाकाकूंनी. हॉस्पिटलमध्ये होत्या ना, तेव्हा आम्हा सगळ्यांना एकेक तारीख वाटून दिली. म्हणाल्या, रिकाम्या हाताने जाल तर ते दारातूनच परत पाठवतील, काहीतरी मोडून घेऊन जात जा."