ओठावरची पट्टी

सायलस रेनफोर्डच्या वरच्या ओठावर एक फिकट पट्टी होती. भोवतालची कातडी उन्हावाऱ्याने रापलेली, पट्टी तेवढी गोरी. तिच्यावर खसखशीएवढे केस नुकते डोकावू लागले होते. मेल्यावर माणसाचे केस वाढत नाहीत, हे टॅबिथाला ठाऊक होतं. म्हणजे भावाची मिशी कुणीतरी तो जिवंत असताना उतरवली होती, आणि त्यानंतर तो काही दिवस जगला होता.

शवपेटी बैठकीच्या खोलीत, खिडकीखाली ठेवली होती. आरशावर काळं कापड होतं, घड्याळ थांबवलेलं. बाहेर पायऱ्यांपासून कोपऱ्यापर्यंत त्याचे वाचक उभे होते. तळघरातल्या प्रेतांच्या आणि आपोआप उघडणाऱ्या दारांच्या कथा लिहिणारा हा माणूस निवडणुकीच्या दिवशी बाल्टिमोरच्या एका गुत्त्यासमोर बेशुद्ध सापडला होता. अंगावर कपडे दुसऱ्याचे. इस्पितळात तो एक शब्दही न बोलता गेला. वाचकांना हे फार आवडलं होतं. सकाळच्या वर्तमानपत्रानेही लिहिलं होतं, की त्याच्याच कथेला शोभावा असा शेवट त्याला लाभला. टॅबिथाने तो अंक चुलीत घातला होता.

स्वयंपाकघरात डॉक्टर एल्काना प्राइस मांडीवर बॅग घेऊन बसले होते. त्यांनी काल विचारलं होतं, आज पुन्हा विचारलं होतं. कानामागे मार लागल्याची खूण आहे; पोटात दारू आहे की अफू, तेही कळेल. पण पुरण्याआधी देह उघडावा लागेल, आणि त्याला घरच्यांची परवानगी हवी. आईने वरच्या मजल्यावरूनच सांगितलं होतं, माझ्या मुलाला सुरी लावायची नाही, शेवटच्या न्यायाच्या दिवशी तो कबरीतून अख्खा उठला पाहिजे.

टॅबिथा अजून हो म्हणाली नव्हती, ती आईमुळे नाही. वसंतात सायलसने चर्चमध्ये बायबलवर हात ठेवून दारू सोडली होती. ती शेजारी उभी होती. मग साऱ्या गल्लीला तिने अभिमानाने सांगितलं होतं. आता पोटात दारू निघाली, तर भावाविषयी बोलायला तिच्याजवळ काही उरणार नव्हतं.

चुलतभाऊ जोसाया मागच्या दाराने आला. या वॉर्डात पक्षाची मतं गोळा करणं हे त्याचं काम. त्याच्या हातात नाटकाचे टोप करणाऱ्याकडची छोटी डबी होती. डबीत काळी मिशी आणि डिंकाची बाटली.

"लोक पुस्तकातल्या चित्रातला चेहरा बघायला आलेत, टॅबी. असा भादरलेला दिसला तर नको ती कुजबूज सुरू होईल."

"कसली कुजबूज?"

जोसाया सायलसच्या ओठाला डिंक लावू लागला.

कुजबूज कसली, हे गल्लीत सगळ्यांनाच माहीत होतं. निवडणूक आली की एकटेदुकटे पुरुष उचलायचे, तळघरात कोंडायचे, पाजायचे, आणि एका मतदानाच्या जागेवरून दुसऱ्या जागेवर हिंडवायचे. मध्ये टोपी बदलायची, कोट बदलायचा, दाढीमिशी उतरवायची. म्हणजे तोच माणूस दुसऱ्याच्या नावाने पुन्हा मत देतो. अशी झोकांड्या खाणारी माणसं खिडकीखालून नेली जायची तेव्हा टॅबिथाही पडदा ओढून घ्यायची.

"तुझ्या माणसांनी नेला याला?"

"माझी माणसं, समोरच्या पक्षाची माणसं. काय फरक आहे? याच्या कपाळावर थोडंच लिहिलं होतं, मी मोठा लेखक म्हणून." जोसायाने मिशी चिकटवली आणि अंगठ्याने दाबली. "तसं बघशील तर आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी कामी आला बिचारा. बघ गं, डावीकडे उतरली का?"

मिशी डावीकडे उतरली होती. सायलस कुणाची तरी टिंगल करत असल्यासारखा दिसत होता.

जोसाया हात पुसत बोलत राहिला. दफनाची गाडी ठरली आहे. पाद्रीबाबा मेंदूज्वर म्हणणार आहेत. प्रकाशकाचा माणूसही भेटून गेला. तो म्हणतो, कारण कळलं नाही तेच बरं, पुस्तकं अजून शंभर वर्षं खपतील. मग त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला.

"त्या डॉक्टरला घरी पाठव. पोटात काय निघणार ते मलाही माहीत आहे आणि तुलाही. सगळ्या गावाला कळायला हवंय का?"

कालपासून टॅबिथा स्वतःला हेच विचारत होती. तोच प्रश्न जोसायाच्या तोंडून आला तेव्हा तिला तो ओळखीचा वाटला नाही. तो तिचा नव्हताच. तिच्या भीतीवर हे सगळे निवांत बसले होते: पक्ष, पाद्री, प्रकाशक, बाहेरची गर्दी.

तिने मिशीचं टोक चिमटीत धरलं आणि ओढलं. डिंक पक्का होता. ओठ वर उचलला गेला, सायलसचे पुढचे दात दिसले, आणि ओठ सावकाश पुन्हा खाली बसला. मिशीच्या मागे खसखशीएवढे चारदोन केस चिकटून आले होते. ती तिने जोसायाच्या तळहातावर ठेवली.

"हे काय करतेस?" तो म्हणाला. "काकूंना काय सांगशील?"

टॅबिथाने स्वयंपाकघराचं दार उघडलं. डॉक्टर उठून उभे राहिले.

"डॉक्टर, बॅग घेऊन या," ती म्हणाली. तिचा आवाज वरच्या मजल्यावर जाईल इतका मोठा होता, बाहेर पायऱ्यांवरच्या गर्दीपर्यंतही. "त्याला उघडा. दारू निघाली तर दारू लिहा. पण आधी हा ओठ लिहून घ्या."