पास झालेली शेव

"बस, आजच्यापुरतं," परेश म्हणाला आणि त्यानं प्रोसेसरचं व्होल्टेज आणखी थोडं चढवलं.

इरावतीनं नवऱ्याकडे बघितलंही नाही. विजय नगरच्या दोन खोल्यांतली दोघांची कंपनी, आणि सांवेर रोडवरचा दौलतरावांचा शेवेचा कारखाना हे त्यांचं पहिलं गिऱ्हाईक. पट्ट्यावरून शेव जाते, वरून कॅमेरा बघतो, चाळणीच्या तुटक्या तारेचा तुकडा दिसला की हवेच्या फटक्यानं तो बाहेर. पण दौलतरावांना पट्टा जोरात हवा, आणि नेहमीच्या व्होल्टेजवर प्रोसेसर मागे पडायचा. चढवलं की पळायचा. काल ऑफिसात असाच तासभर पळाला आणि मग एक तार त्यानं शेव म्हणून सोडून दिली.

बंद पडला असता तर बरं, असं इरावती तेव्हाच म्हणाली होती; हा तर न सांगता चुकतो. चिप आतून झिजते, आज तासानं चुकला तो दिवाळीत पहिल्याच मिनिटाला चुकेल, आणि ती तार कुणाच्या तरी घशात जाईल. परेशचं आपलं एकच, घटकाभराचा डेमो आहे, नंतर ही पेटी परत नेऊ आणि दमदार प्रोसेसरची नवी देऊ. काही होत नाही.

डेमो झकास झाला. दौलतरावांनी स्वतःच्या हातानं जुन्या तारा शेवेत टाकल्या, बाहेर पडलेल्या मोजल्या आणि खूश झाले. इरावतीचा जीव भांड्यात पडला. तिनं मशीन बंद करायला हात पुढे केला, तोच दौलतरावांच्या पत्नी प्रेमलताबाई पूजेचं ताट घेऊन हजर. पेटीवर कुंकवाचं स्वस्तिक निघालं, खजरान्याच्या गणपतीहून आणलेला पूजेचा लाल नाडा बांधला गेला, नारळ फुटला.

पूजेत मशीन बंद नाही करत, बाई म्हणाल्या. परेशनं पेटी परत न्यायचं जेमतेम काढलं, तर दौलतरावांना हसू आलं.

"पूजा झालेली चीज परत जाते का भिया? आता हीच राहणार. दिवाळीपर्यंत दिन-रात चालवू."

गणपतीची आरती झाली, देवीची झाली, मग बाईंना शंकराची आठवली. दौलतराव टाळ्या वाजवता वाजवता मधूनच एखादी तार पट्ट्यावर टाकत होते, गंमत म्हणून. मोजत आता कुणीच नव्हतं. परेशनं पेटीला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

आरती संपली. प्रेमलताबाईंनी पट्ट्याच्या टोकाच्या परातीतून शेव घेतली आणि पहिली मूठ पाहुण्याच्या, म्हणजे परेशच्या हातावर ठेवली. मग नवऱ्याला दिली.

"घ्या, मशीननं पास केलेली आहे."

प्रसाद नाकारता येत नाही. परेश तळहाताकडे बघत राहिला. मग अंगठ्यानं त्यानं शेव हळूच बाजूला सारली, आणखी थोडी सारली, खालची वर केली.

तोंडापर्यंत गेलेला दौलतरावांचा हात तिथंच थांबला.

"परेशजी, प्रसादात काय शोधताय?"



"तार," इरावती म्हणाली.