मौनाचं जेवण

"उज्वलाताई, एन्ट्री पडली का?" मुंबईहून कुंदन सरांचा पुन्हा फोन.

"बिल उघडूनच बसलेय, सर." उज्वला इतकं हळू बोलायची, की फोनवर माणसं तिला 'जरा मोठ्याने' म्हणत. "यात 'पाठबळ व मार्गदर्शन' एवढंच लिहिलंय. कोणतं, ते समजलं असतं तर..."

"अहो, आई लेकराला देते तेच. त्याचं काय वर्णन लिहायचं?" सर हसले. "तुमची अंबडची कंपनी म्हणजे आमचं लेकरूच की. इथे मूळ कंपनीच्या हिशेबात तुमच्याकडून येणं दाखवलंय. तुम्ही तिथे तेवढंच देणं दाखवा. तारीख मात्र मागची, एकतीस मार्च. दोन्हीकडचा आकडा जुळला की ऑडिटवाले मोकळे, आपण मोकळे."

"सर, वर्षाचा आपला सगळा नफा जेवढा, तेवढंच हे बिल आहे. नफाच उरला नाही तर कामगारांचा बोनस..."

"कायद्याने द्यावा लागतो तेवढा देऊ की. जास्तीचं यंदा नाही, एवढंच. आणि ताई, खाली काही बोलू नका. नोटीस आम्ही लावू."

फोन बंद झाला.

वर्षभरात मुंबईची माणसं इथे एकदाच आली होती, गेल्या दसऱ्याला. मशीनपूजेत उभं राहून त्यांनी फोटो काढले, पेढे घेतले आणि जेवायला न थांबता निघून गेली.

रोज पहिली एन्ट्री करण्याआधी उज्वला देवाचं नाव घेई. आज ओठ हलले आणि थांबले. त्याला यात कशाला ओढायचं? तिने तारीख टाकली, आकडा टाकला, बटण दाबलं. देण्याच्या बाजूला मूळ कंपनीचं नाव येऊन बसलं. नफ्याच्या जागी काही उरलं नाही. सगळं कसं अगदी बरोबर जुळलं होतं.

जेवणाची घंटा झाली.

"ताई, तुमची बिनकांद्याची आमटी वेगळी काढलीये," कॅन्टीनच्या सुलाबाईंनी ताट पुढे सरकवलं.

चातुर्मासात उज्वला मौनाने जेवायची. पहिल्या घासापासून हात धुवेपर्यंत शब्द नाही. कॅन्टीनला आता त्याची सवय झाली होती. काही विचारायचं असलं की माणसं समोर येऊन बसून राहत. हात धुऊन, पदराला पुसत ती वळे आणि म्हणे, "हं, बोला."

आज तिने ताटाला नमस्कार केला आणि पहिला घास जरा घाईनेच घेतला.

समोर नवनाथ येऊन बसला. लेथवरचा, देवळ्याकडचा. शेजारच्या बाकावरून पोरं त्याला खुणावत होती.

"बोलू नका, माहितीये मला," तो म्हणाला. "निसतं ऐका. यंदा माल लय गेला, ताई. तिन्ही पाळ्या चालल्या, रविवारीबी आलो. पोरं म्हणत्यात, बोनस गेल्या साली होता त्याहून वर जाणार. मी म्हटलं, थांबा, ताईंना विचारतो. आत्ता नाय, हात धुतल्यावर सांगा."

उज्वला भात कालवत राहिली.

"राखीच्या कानाच्या मशीनचं दुकानात बोलून आलोय. डॉक्टर म्हणले, दोन्ही कानांना पायजे. एकाच कानाला लावलं तर आवाज कुठनं आला ते कळत नाय. रस्त्यानं चालायचं म्हणजे भ्याव. एका कानाचे पैसे जमवलेत. दुसरा कान बोनसवर." तो हसला. "लग्न झाल्यापासनं तिनं माझा आवाज धड ऐकला नाय."

"म्हणून तर टिकली!" शेजारून कोणीतरी म्हणालं. "मशीन लावलं की जाईल माहेरी!"

बाकावर हशा पिकला. नवनाथही हसला. उज्वलालाही हसायचं होतं. ओठ ताणले गेले, पण हसू काही आलं नाही.

नवनाथचं हसणं थांबलं.

घरात त्याचं आणि राखीचं सगळं बोलणं चेहऱ्यानेच चाले. राग, रुसवा, भाजीत मीठ कमी, पोटात दुखतंय, सगळंच. तो उज्वलाकडे तसाच बघत राहिला. उज्वलाने मान खाली घातली. तेही त्याने पाहिलं.

"बरं," तो अगदी हळू म्हणाला. "एकच कान घेऊ मग."

उठता उठता त्याने जगमधलं पाणी तिच्या रिकाम्या पेल्यात ओतलं, आणि आपलं ताट उचलून पोरांकडे गेला.

"काय म्हणल्या ताई?"

"काय म्हणणार? जेवत्यात त्या अजून."

पोरं थांबली. कोणी बाक सोडेना. सगळे ताईंचे हात धुऊन व्हायची वाट बघत होते. बाहेर पहिल्या पाळीची मशीनं पुन्हा सुरू झाल्याचा आवाज आला, तरी कोणी उठलं नाही.

उज्वलाच्या ताटात एकच घास राहिला होता. तिने तो बोटांनी गोळा केला, सोडला, पुन्हा गोळा केला.

सुलाबाई भाताचं पातेलं घेऊन आवरत निघाल्या होत्या. सवयीने त्यांनी विचारलं, "ताई, भात?"

एरवी उज्वला दुसऱ्यांदा भात घेत नसे. तिने ताट पुढे केलं.

सुलाबाईंनी एक डाव वाढला, मग दुसरा. आता ताई नको म्हणतील, मग म्हणतील, म्हणून त्या वाढत राहिल्या. पण ताटावर हात काही आडवा आला नाही.