गुडघ्यांची चौकशी

लिजीचं यात नुकसान कुठेच नव्हतं. वृद्धाश्रम चांगला निघाला, तर ती निर्धास्त मनाने इंग्लंडला आपल्या ड्यूटीवर परत जाणार होती. वाईट निघाला, तर तिला न विचारता अम्मचीला, म्हणजे त्यांच्या आईला, तिथे ठेवणारा भाऊ बेबीच्चन जन्मभर तिच्यासमोर मान खाली घालून बसणार होता. तिकडे ती अशाच एका वृद्धाश्रमात नर्स होती. तपासणी करणाऱ्यांना बरी बाजू कशी दाखवतात, हे तिला पाठ होतं, कारण ती दरवर्षी स्वतःच दाखवायची.

म्हणून ती न कळवता आली, तीही चहाचे कप उचलून झाल्यावर, रात्रीच्या पेजेला अवकाश असताना. आधी नाकाने तपासलं. लघवीचा वास नव्हता, आणि तो लपवायला ओतलेल्या फिनेलचाही नव्हता. मग खाटेखाली वाकून पाहिलं. मग अम्मचीची पाठ, कंबर, टाचा. कातडी कुठे लाल झालेली नव्हती. नखं कापलेली, केसांना खोबरेल चोपडलेलं. लिजीला बरं वाटलं, आणि जरा हिरमुसल्यासारखंही झालं. शेवटी तिने अम्मचीचा नेसूचा मुंडू वर सरकवला.

दोन्ही गुडघे काळेनिळे होते. डाव्यावरची खपली ओली होती.

"तू कोणाची गं?" अम्मचीने गोड हसून विचारलं.

ऑफिसात वृद्धाश्रम चालवणाऱ्या सिस्टर लियोबांनी लिजीला खुर्ची दिली, पण ती बसली नाही. अम्मचीला सांभाळणाऱ्या ओमना आणि शांता या दोघींना तिने वेगवेगळं आत बोलावून विचारलं. शांता म्हणाली, न्हाणीत घसरल्या. ओमना म्हणाली, खाटेच्या दांड्यावर आपटल्या. मग लिजीने दोघींना शेजारी शेजारी बसवलं आणि सिस्टरांकडे नुसतं पाहिलं. सिस्टरांचा चेहरा उतरला. म्हाताऱ्या माणसावर कोणी हात उचलला असेल, तर आजच गाठोडं बांधायचं, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. शांताने पदराचं टोक तोंडात धरलं.

तेवढ्यात चॅपेलची घंटा झाली. संध्याकाळच्या जपमाळेची. दोघींनी एकदमच दाराकडे पाहिलं, आणि शांता उठली.

"बस," लिजी म्हणाली.

"एकीला तरी जाऊ द्या, चेची," ओमना लिजीला म्हणाली. "मी थांबते ना. मला काय विचारायचं ते विचारा."

नेमकं उत्तर द्यायच्या वेळी सगळ्यांना कामं कशी आठवतात, हे आपण तिकडेही पुष्कळ पाहिलंय, असं लिजीने तिला सुनावलं.

मग ओमनाने सिस्टरांकडे न बघता सगळं सांगून टाकलं. घंटा झाली की अम्मची खाटेवरून उतरते आणि जमिनीवर गुडघे टेकते. खाली उशी ठेवली तर भिरकावते, देवापुढे गादीवर बसतात का म्हणून आमच्यावरच ओरडते. सिस्टरांचा हुकूम आहे की म्हाताऱ्यांनी माळ अंथरुणातच जपायची. पण हिला अडवलं तर लहान मुलासारखी रडते आणि सगळा वॉर्ड जागा ठेवते. म्हणून आम्ही दोघी दोन बाजूंनी धरून तिला टेकवतो, आणि माळ संपली की उचलतो. सिस्टर चॅपेलमध्ये असतात, त्यांना कळत नाही.

"मला हे कोणी सांगितलं नाही," सिस्टर म्हणाल्या.

"सांगितलं असतं तर तुम्ही थांबवलं असतं."

लिजीला हसू आलं. एका जखमेला हे तिसरं कारण होतं. डॉक्टरांनी गुडघे टेकायला मनाई केल्यापासून अम्मची घरी खुर्चीत बसूनच माळ जपत आली होती, हे लिजीने स्वतः पाहिलं होतं. "तिला गुडघे टेकताच येत नाहीत," ती म्हणाली.

"ते तुमच्या लक्षात आहे, चेची. त्यांच्या नाही."

बाहेर पहिली प्रार्थना सुरू झाली होती. सिस्टरांनी लिजीला विचारलं, एकदा वॉर्डात जाऊन बघून येऊ या का.

"जाऊ. आधी हे संपू दे."

वॉर्डातून आवाज आला, भरलेलं पोतं कोणीतरी खाली टाकावं तसा. त्यामागून किंकाळी. ओमना सगळ्यांच्या पुढे धावली.

अम्मची खाटेजवळ गुडघ्यांवर होती. हात जोडलेले, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. तिच्या पायाशी शेजारच्या खाटेवरची त्रेस्या आडवी पडली होती. ती अम्मचीपेक्षा वयाने मोठी आणि अंगाने निम्मी. तिच्या उजव्या हाताचा पंजा भलत्याच दिशेला वळला होता.

"तुम्ही दोघी कुठे दिसला नाहीत," ती ओमनाला म्हणाली. "म्हटलं, मीच धरते."

लिजीने सवयीच्या हातांनी अम्मचीला डोक्यापासून खुब्यापर्यंत चाचपलं. काही झालं नव्हतं. जपात खंड पडला म्हणून अम्मचीने तिचा हात झटकून टाकला. फाटकाशी रिक्षा आली तेव्हा त्रेस्याला मांडीवर घेऊन ओमनाच आत बसली. तिच्या नोकरीचं काय करायचं, ते सिस्टर उद्या ठरवणार होत्या.

बेबीच्चनचा फोन आला. कशी वाटली जागा, त्याने विचारलं. ठीक आहे, लिजी म्हणाली.

म्हणजे त्याला मान खाली घालावी लागली नाही. लिजीला गुडघ्यांचं खरं कारण कळलं, आणि अम्मचीच्या अंगावर नवा ओरखडाही नव्हता. मनगट तेवढं मोडलं, ते त्रेस्याचं. तिला इथे आणून सोडल्यापासून तिच्याकडचं कोणी फिरकलेलं नव्हतं, त्यामुळे ते कसं मोडलं, हे विचारायला कोणी येणार नव्हतं.