पोटातलं पान

गुरुजींनी मूर्तीच्या छातीला दूर्वा टेकवली, शेवटचा मंत्र म्हटला आणि सगळ्यांना बजावलं, "प्राणप्रतिष्ठा झाली. आता विसर्जनापर्यंत कुणी जागची हलवायची नाय हां!"

सुरभी एवढ्याचीच वाट बघत होती. फुलांचं तबक पुढे करण्याच्या निमित्ताने ती सोवळं नेसलेल्या प्राचार्यांच्या कानाशी वाकली.

"सर, मूर्ती आवडली?"

"वा! कागदाची आहे असं वाटतच नाही. पेणचा हात तो!"

"हात आमच्या मोरूकाकांचा. रद्दी तुमची."

प्राचार्य खुलले. सरकारी कॉलेजचा गणपती कॉलेजच्याच रद्दीतून करायचा, ही कल्पना त्यांची. पेपरात फोटोही आला होता.

"त्यात आमच्या 'उधाण'चे तीनशे अंक होते."

हसू मिशीतच अडकलं. विद्यार्थ्यांच्या त्या अंकाचे गठ्ठे वाटायच्या आधीच त्यांनी उचलून नेले होते. पहिल्या पानावर अक्साचा लेख होता : 'मुलींच्या वसतिगृहाच्या टाकीत मेलेली कबुतरं'. ते पाणी पिऊन अक्सा महिनाभर काविळीने झोपली होती. लेखापायी तिची वसतिगृहातली खोली गेली, पोरगी रोह्याला घरी बसली. आणि संपादक सुरभीला प्राचार्यांकडून ऐकावं लागलं होतं, "तुझा अंक रद्दीतच शोभतो."

"त्याचा लगदा झाला असेल ना?" प्राचार्यांनी हळूच विचारलं.

"बाकीच्यांचा झाला. एक पहिलं पान नाय भिजवलं. मूर्ती पोकळ हाय, बूड उघडं. पान आतून चिकटवलंय. पाचव्या दिवशी मानाने तुम्हीच पाटावरून उचलणार ना? उचललीत की सगळं कॉलेज वाचील."

प्राचार्यांनी भरलेल्या सभागृहाकडे पाहिलं, मग गुरुजींकडे.

"टाकी उद्याच धुवून घेतो. अक्सालाही बोलाव. खोली देतो."

"ते कराच. पाचव्या दिवसाचं तिला मी सांगितलंच हाय. पुढच्या रांगेत बसणार ती."

"अगं, मग ते पान...?"

सुरभी लहानपणापासून मोरूकाकांच्या मांडीला मांडी लावून कीर्तनाला बसलेली. बाप्पाचं पोट मोठं ते लेकरांचे अपराध पोटात घालायला, असं बुवा सांगत तेव्हा तिचे डोळे भरून येत. आज ते कोरडे होते.

"बाप्पाच्या पोटात हाय, सर. घाला हात."

गुरुजींनी पेटलेलं निरांजन प्राचार्यांच्या हाती दिलं. टाळ्या, झांजा, घंटा एकदम सुरू झाल्या. सगळ्यांत मोठी टाळी सुरभीची. सगळं सभागृह मूर्तीच्या मुखाकडे बघत होतं.

निरांजन मात्र पोटाभोवतीच फिरत राहिलं.