शंभरीचा सत्कार

पार्वतम्मानं पिशवीत तिसऱ्यांदा हात घालून पाहिला. चिठ्ठी जागेवर होती.

शाळेपुढं मांडव पडला होता. औशापासून लातूरपर्यंतचे पुढारी आले होते आणि त्यांचे फ्लेक्स सत्कारमूर्तीपेक्षा मोठे होते. दुसऱ्या महायुद्धात, ब्रह्मदेशच्या लढाईत एकट्यानं मशीनगन चालवून बावीस जवान वाचवणारे शेषेराव आज शंभर वर्षांचे झाले होते. डोक्यावर फेटा, छातीवर पदक.

त्याच लढाईतून पार्वतम्माचा बाप रेवणसिद्ध पळून गेला, असं शेषेरावनं गावात येऊन सांगितलं होतं. गावानं ते ऐंशी वर्षं खरं मानलं. तिच्या आईशी विहिरीवर कुणी बोलत नसे. ‘पळपुट्याची बायको’ म्हणूनच ती झिजून मेली.

गेल्या महिन्यात देवणीत, त्याच पलटणीतल्या एका मेलेल्या शिपायाच्या ट्रंकेत त्यानं लिहून ठेवलेली ही चिठ्ठी सापडली आणि घरच्यांनी ती पार्वतम्माला आणून दिली. तीत लिहिलं होतं, त्या रात्री मशीनगनवर रेवणसिद्ध होता आणि तो तिथंच मेला. शेषेराव मेल्याचं सोंग घेऊन पडून होता. सकाळी साहेबापुढं तो धडधडीत खोटं बोलला.

गावातली जुनी बाई म्हणून सरपंचानं पार्वतम्माला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. ती चिठ्ठी वाचणार होती. भर मांडवात म्हाताऱ्याची अब्रू मातीत घालणार होती. पण त्याआधी त्याचं तोंड कसं होतं, ते तिला बघायचं होतं. मांडवामागच्या खोलीत जाऊन तिनं चिठ्ठी त्याच्यापुढं धरली.

म्हातारा वाचता वाचता ढसाढसा रडायला लागला.

“वाच पोरी, समद्यांपुढं वाच. मी हाव म्हणतो.”

“लाज न्हाई वाटत?”

“ऐंशी वर्सं झाली, नीट झोप न्हाई. लई येळा सांगावं वाटलं. पण मी भित्रा, माझ्यानं तोंडच उघडत न्हाई. तू वाचलीस की मी सुटलो. मग आजच मेलो तरी चालतंय.”

बोलता बोलता त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. ते बघून पार्वतम्माच्या अंगाचा तिळपापड झाला. तिची आई अशी हसून मेली नव्हती.

ती मांडवात येऊन बसली. थोड्या वेळानं माइकवर तिचं नाव पुकारलं. ती उठून उभी राहिली. व्यासपीठावरच्या खुर्चीत शेषेराव हात जोडून, डोळे मिटून वाट बघत होता.

“माझा बाप पळाला, हे खरं हाय,” पार्वतम्मा म्हणाली. “शेषेरावआबा एकटे लढले. देवानं त्यांना अजून लई वर्सं जगवावं.”